टॉवेलांमागचा टायमर

"टायमर मेला," शनिवारी सकाळी टोस्टवर संत्र्याचा मुरांबा फासता फासता डेझमंड ओल्डरॉइडनं जाहीर केलं.

एनिडच्या घशात चहा अडकला. ती इतकी खोकली, की डेझमंडला सुरी बाजूला ठेवून तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"कुठला टायमर?" श्वास सापडल्यावर तिनं विचारलं.

"कुठला म्हणजे? घरात एकच तर टायमर आहे! हा काय समोर. तबकडी जागची हलायला तयार नाही. आणि नेमकं आज! संध्याकाळी माझं भाषण, आणि घरी टायमर बंद. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कसं कळणार?"

"मला कळेल ना," डेझमंड म्हणाला. "आत्ता जातो, नवा आणतो आणि बसवून टाकतो. चार वायरींचा तर खेळ."

"अरे, कुणाला तरी बोलवू या की. उगाच शॉक-बिक बसेल."

"माझ्या टायमरला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही," असं म्हणून डेझमंडनं टोपी चढवली आणि तो बाहेर पडला. त्या टायमरला दुसऱ्या कुणाचा तरी हात कधीच लागून गेला होता.

त्याचं असं झालं होतं. डेझमंडला थंडी वाजत नसे असं नाही, पण थंडी वाजते म्हणून घर तापवणारा बॉयलर लावणं हे त्याच्या मते चारित्र्य ढासळल्याचं लक्षण होतं. पाच नोव्हेंबरला सगळं गाव मोठी शेकोटी पेटवतं, ती झाल्याशिवाय बॉयलरला हात लावायचा नाही. त्यानंतरही सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. टायमरच्या तबकडीवर तांबडी खुंटी सुरू करायची आणि निळी बंद करायची. त्या खुंट्या तो दर रविवारी पुसून जागच्या जागी बसवायचा. 'भिंती ऊब साठवून ठेवतात' हा त्याचा सिद्धांत. एनिडनं तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "स्वेटर घाल." स्वेटर घातलाय म्हटलं की, "मग दुसरा घाल."

यॉर्कशायरच्या त्या डोंगरउतारावर वारा असा यायचा की दार लावलं काय आणि उघडं टाकलं काय. एका हिवाळ्यात, अंगात ओव्हरकोट घालून अंडं तळत असताना एनिडच्या मनानं घेतलं, बस्स झालं. डेझमंड हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स खेळाच्या संघाबरोबर समुद्रकिनाऱ्यावर सामने खेळायला गेला, त्या दिवशी तिनं बहिणीच्या मुलाला, केनीला, बोलावलं. केनी तेव्हा इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली नुकता लागला होता. त्यानं वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे दुसरा टायमर बसवला आणि बॉयलर त्याला जोडून दिला. स्वयंपाकघरातली तबकडी नुसती फिरती ठेवली. डेझमंड त्या कपाटात डोकावेल ही भीतीच नव्हती. टॉवेल आपले आपण घड्या होऊन, ऊन ऊन होऊन न्हाणीघरात येतात, अशी त्याची लग्न झाल्यापासूनची समजूत होती.

घर उबदार झालं. डेझमंडनं सगळं श्रेय खुंट्यांना दिलं. गॅसचं बिल आलं की तो सरकारला शिव्या घालायचा. हळूहळू गावात बोलबाला झाला, की ओल्डरॉइडकडे दोन तासांत दिवसभराची ऊब. आणि आता भाजीचे वाफे करणाऱ्यांच्या मंडळानं त्याला चक्क व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता 'थोडा गॅस, ऊबदार घर.' इतकी वर्षं तो मंडळात, पण कांद्याच्या पातीवर दोन शब्द बोला असंही त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आठवडाभर तो आरशासमोर भाषण घोकत होता. "मित्रहो," म्हणून हात वर करायचा आणि हात जास्तच वर गेला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. दाराआडून बघताना एनिडला आधी हसू यायचं, मग भरून यायचं. आज त्यानं ते झाकण उघडलं, आत काय आहे ते बघितलं, की संध्याकाळी व्यासपीठावर उभं राहायला डेझमंडच उरणार नव्हता. तिनं फोन उचलला.

"बोल मावशी, पटकन," केनीचा आवाज खोलातून आला. "मी एका पबच्या लाकडी फरशीखाली पालथा पडलोय."

"अरे, तुझा काका टायमर बदलतोय."

"वरचा?"

"वरचा कशाला बदलेल? खालचा!"

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बहुतेक डोकं. "स्वतः बदलतायत? अगं, थांबव त्यांना! तिथे दोनच वायरी जोडलेल्या आहेत, तबकडी फिरण्यापुरत्या. वरच्या कपाटातून बॉयलरकडे जाणारी मी सोडवून, टोकाला काळी टेप गुंडाळून आत कोंबलीये. झाकण काढलं की पहिली तीच दिसणार."

"वरच्या टोकाला नाही का सोडवायचीस, मूर्खा?"

"तेव्हा मी शिकत होतो गं! आता केलं असतं तर असं केलं नसतं."

"मग आता मी काय करू?"

"चहा दे," केनी म्हणाला. "मी येईपर्यंत चहा देत राहा."

डेझमंड परतला तो एकटा नाही. बरोबर शेजारचा क्लिफर्ड होता. डोक्यावर एकावर एक दोन टोप्या, गळ्याला मफलर, नाकाचा शेंडा जांभळा.

"हा दुकानात भेटला," डेझमंड म्हणाला. "म्हटलं चल, बघ तरी वायरिंग कसं असतं ते."

"एनिड, मी नोव्हेंबरपासून ह्याची पद्धत सुरू केलीये," क्लिफर्ड हात चोळत म्हणाला. "खुंट्या अगदी ह्याच्या सांगण्याप्रमाणे. पण आमच्याकडे लोणी कापायला करवत घ्यावी लागते गं! विनी हातमोजे घालून झोपते. माझंच काहीतरी चुकतंय."

एनिडला चोरट्यासारखं झालं. "चहा घेता ना?" ती म्हणाली.

चहा झाला. मग बिस्किटं झाली. मग एनिडनं क्लिफर्डला त्याच्या गुडघ्याबद्दल विचारलं, आणि एरवी त्या गुडघ्यावर दुपार काढणारा क्लिफर्ड "बरा आहे" म्हणून मोकळा झाला. दोघांच्याही नजरा त्या टायमरवरून हलत नव्हत्या. उघडायला आलेलं यंत्र समोर असताना त्या गावातल्या पुरुषाला दुसरं काही सुचत नाही. डेझमंडनं जिन्याखाली जाऊन मेन स्विच पाडला. टेस्टर लावून दिवा लागत नाही याची खात्री केली. हे मात्र त्यानं बरोबर केलं. मग झाकण काढलं.

"ही टेपवाली कसली?" क्लिफर्डनं लगेच विचारलं.

एनिडच्या हातून साखरेचं भांडं पडलं. पडलं म्हणजे तिनं पाडलं. सगळीकडे साखरच साखर झाली. झाडू आला, सुपली आली, टेबलाखाली दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. साखर गोळा झाली आणि क्लिफर्ड उठून उभा राहिला.

"पण ही टेपवाली कसली?" तो म्हणाला. जन्मभर रेल्वेच्या सिग्नलवर नोकरी केलेला माणूस, एकदा प्रश्न पडला की तो सुटल्याशिवाय त्याची गाडी पुढे जात नसे. "डेझमंड, ही कशालाच जोडलेली नाहीये."

डेझमंडनं चष्मा पुसला आणि वायरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हेच तर!" डेझमंड एकदम ओरडला. "ही निखळली, म्हणून तबकडी बंद पडली!"

"पण टेप?"

"टेपचं काय?"

"निखळता निखळता स्वतःला टेप गुंडाळून निखळली?"

"पूर्वीची माणसं कामाला पक्की होती," डेझमंड म्हणाला. स्वतःलाच ते पुरेसं पटलं नसावं, कारण तो जरा थांबला. तेवढ्यात क्लिफर्ड भिंतीवरून बोट फिरवत निघालाच होता.

"ही वर जातेय. जिन्याकडून. कुठे जाते बघू या. कदाचित माझ्याकडचीही अशीच निखळली असेल."

"हो, हो, बघू या की!" डेझमंडला तेवढंच निमित्त हवं होतं.

एनिडनं दोघांना ढकलून जिना गाठला. या वयात इतक्या वेगानं ती कधी चढली नव्हती. ते वर पोचले तेव्हा ती टाकीच्या कपाटाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती.

"वायर ह्यात गेलीये," क्लिफर्ड म्हणाला.

"जाऊ दे गेली तर. दार उघडायचं नाही."

"अगं, पण का?" डेझमंड चिडला.

"त्यात," एनिडनं मान ताठ केली, "माझे आतले कपडे वाळत घातलेत."

क्लिफर्डचा जांभळा चेहरा तांबडा झाला. तो मागे सरताना पायरी चुकला आणि कठडा धरून कसाबसा सावरला. "छे छे, आम्हाला कुठे... वायर म्हणजे काय, सगळ्या सारख्याच असतात," असं पुटपुटत तो खाली गेला. डेझमंड त्याच्या मागोमाग. लग्नाला इतकी वर्षं झालेली असली तरी शेजाऱ्यादेखत असा विषय निघाल्यावर तो थांबणं शक्य नव्हतं. दोघंही स्वयंपाकघरात जाऊन सूचनांचा कागद तोंडासमोर धरून उभे राहिले. कागद नाना भाषांत होता. इंग्रजी सोडून बाकी सगळ्या त्यांना आधी सापडल्या.

तेवढ्यात मागच्या दारावर हलकी टकटक झाली. केनी! अंगभर पबच्या फरशीखालची धूळ, बूट हातात. एनिडनं खाली येऊन त्याला दंडाला धरून, चोरपावलांनी त्या दोघांच्या पाठीमागून वर नेलं आणि कपाटात कोंबलं.

"वरच्या टोकाला वायर सोडवतो," केनी कुजबुजला. "म्हणजे त्यांनी खाली काहीही जोडलं तरी नुसती तबकडी फिरेल. आणि मेन बंद केल्यामुळे हा पण मागे पडलाय, तेवढा नीट लावतो. तू त्यांना गुंतवून ठेव."

पण डेझमंडनं आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम वेळेआधी संपवलं. टेप काढली, वायर नव्या टायमरला जोडली, झाकण लावलं आणि कुणाला न विचारता मेन स्विच वर केला. वर केनीनं वायर सोडवली होती, पण आपल्या टायमरची तबकडी फिरवायला त्यानं बटण 'सतत चालू'वर ठेवलं होतं. खालून धडधडत बॉयलर पेटला. केनीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते बटण फिरवलं की खटका केवढ्यांदा वाजतो ते त्याला ठाऊक होतं, आणि जिन्यावर पावलं वाजत होती.

"बघ! चालू केला, तापला!" जिन्याच्या वळणावरच्या, बॉयलरच्या पाण्यानं तापणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवून डेझमंड म्हणाला. "आता थांब, बंद करून दाखवतो."

तो खाली जाऊन बंद करून आला. दोघं पायरीवर बसले. रेडिएटर थंड व्हायची वाट बघू लागले.

रेडिएटर थंड होईना. उलट चटके द्यायला लागला. क्लिफर्डनं वरची टोपी काढली, मग खालची काढली. मग मफलर, मग कोट, आणि शेवटी नोव्हेंबरपासून अंगाला चिकटलेला स्वेटर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू बंद केलंस ना?"

"केलं."

"नक्की?"

"चल, दाखवतो." दोघं जाऊन बघून आले. बंद होता.

"आणि तरी हे असं?"

डेझमंडनं पुन्हा रेडिएटरला हात लावून बघितला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्या घामाखाली एक आठी पडली होती. खालच्या पायरीवर उभी असलेली एनिड ती आठी बघत होती. ह्या घरात काहीतरी गडबड आहे, एवढं त्या आठीला कळलेलं दिसत होतं. आणखी क्षणभर गेला असता तर डेझमंडलाही कळलं असतं.

"भिंती," तो सावकाश म्हणाला. "क्लिफर्ड, भिंती! इतक्या वर्षांची साठलेली ऊब बाहेर येतेय!"

"अरे देवा," क्लिफर्ड म्हणाला आणि त्यानं भिंतीला हात लावला.

इकडे कपाटात केनीची टाकीला बिलगून लाही लाही होत होती. त्यानं शर्ट काढला होता, तरी घामाच्या धारा थांबत नव्हत्या. शेवटी एनिडला राहवेना. "चहा झालाय!" तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. दोघांच्या माना एकदम खाली वळल्या, आणि त्या निमिषात केनी कपाटातून न्हाणीघरात, न्हाणीघराच्या खिडकीतून स्वयंपाकघराच्या छपरावर आणि छपरावरून परसातल्या कोबीत उतरला. घाईत बटण तसंच राहिलं. ते नंतर एनिडनं फिरवलं, मोठ्यांदा खोकत.

संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. हॉलचा बॉयलर केव्हाच निकामी झाला होता, नव्याला पैसे नव्हते. माणसं कोट घालून, पाय आपटत बसली होती. डेझमंड मात्र नुसत्या शर्टवर उभा राहिला. "मित्रहो," तो म्हणाला. हात वर गेला, आणि अगदी हवा तितकाच गेला. एनिडनं सुटकेचा निःश्वास टाकला. काय बोलला तो! खुंट्यांबद्दल बोलला, स्वेटरबद्दल बोलला, भिंतींबद्दल तर असा बोलला की लोक हॉलच्या भिंतींकडे रागानं बघायला लागले. मग क्लिफर्ड उठला. "मी ह्या हातांनी बघितलंय," तो म्हणाला. "टायमर बंद, आणि रेडिएटर चटके देतोय!" हॉलमध्ये 'ओहो'चे उद्गार उठले.

एनिडच्या शेजारी क्लिफर्डची बायको विनी बसली होती, लोकरी हातमोजे घालून. ती एनिडच्या कानाशी लागली.

"मी कुणाला काही बोलणार नाही हं."

"कशाबद्दल?"

"दुपारचं. मी भांडी विसळत होते. तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून एक तरुण बाहेर पडला. उघडा! शर्ट हातात, घामानं निथळत! आणि घरात नवरा असताना! एनिड, मला तुझं कौतुकच वाटलं."

"अगं भलतंच काय! तो माझ्या बहिणीचा मुलगा. इलेक्ट्रिशियन आहे तो!"

"असेल. माझं काही म्हणणं नाही."

आता आली का पंचाईत! बदनामी पत्करायची की भांडं फोडायचं? एनिडनं भांडं फोडलं. वरचा टायमर, टॉवेल, टेप, सगळं कुजबुजत सांगून टाकलं. विनीनं व्यासपीठावर हातवारे करणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे बघितलं. मग आपल्या हातमोज्यांकडे बघितलं.

"सोमवारी मोकळा आहे का गं तो?" तिनं विचारलं.

कुजबूज रांगेत पसरली. पुढच्या रांगेतल्या टोप्या मागे वळल्या. मागून एनिडच्या खांद्यावर एक हात पडला. "आमच्याकडे तसलं कपाट नाही गं. पियानोच्या मागे बसेल का?" एनिडला आता अगदी हलकं वाटलं. डेझमंडची अब्रू राहिली, गावातल्या बायका गारठायच्या वाचल्या, आणि केनीला हिवाळाभर काम मिळालं. ह्याहून आणखी काय हवं?

टाळ्या थांबत नव्हत्या. अध्यक्ष आभार मानायला उठले, तसा डेझमंडनं पुन्हा हात वर केला. ह्या वेळी तो भाषणातला हात नव्हता.

"मित्रहो, आणखी एक!" त्याचा आवाज कापत होता. "दुपारपासून माझ्या डोक्यात घोळतंय. माझ्या भिंतींत एवढी ऊब साठलीये, मग मला बॉयलर हवाच कशाला? आणि इथे माझे मित्र थंडीनं काकडतायत! मी माझा बॉयलर ह्या हॉलला देऊन टाकतोय. सोमवारी या आणि घेऊन जा!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली, आणि त्या गावात मिठी मारायची पद्धत नाही. क्लिफर्डही डोळे पुसत हात वर करायला लागला. "क्लिफर्ड, हात खाली!" विनी जागेवरून किंचाळली, आणि तो हात खाली आला. पण डेझमंडचा हात खाली आणायला एनिडला उशीर झाला होता. चारचौघांत दिलेला शब्द परत घेणं त्याला जमणार नव्हतं.

घरी जाताना डेझमंड शीळ घालत होता.

"कसा बोललो मी?" त्यानं विचारलं.

एनिडनं त्याच्याकडे बघितलं. खरं सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण इतका खूश झालेला डेझमंड तिनं लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता.

"छान बोललास," ती म्हणाली. "फार छान बोललास रे."

घरात शिरल्या शिरल्या डेझमंड मोजायची टेप घेऊन बॉयलरची मापं काढायला गेला. एनिड फोन घेऊन वर गेली, टाकीच्या कपाटात शिरली आणि दार आतून ओढून घेऊन टॉवेलांवर बसली.

"आता काय झालं, मावशी?" केनीनं विचारलं.

"केनी, बाळा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "टायमर तू छान लपवलास हो. पण मला सांग, अख्खा बॉयलर कुठे लपवता येतो का रे?"